उघड्या बोटांची काच

४ डिसेंबर

पोचले एकदाची. पंचवीस वर्षं बंगळुरूच्या गार खोल्यांत बसून वैमानिकांचे डिस्प्ले तपासले, आणि पन्नाशीनंतर बदली झाली ती वैशाखरे गावाच्या अलीकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. शेडला कंपनीने 'उत्कृष्टता केंद्र' असं नाव दिलंय. संडासाला कडी नाही, पण दारावर पाटी तीच. मी मात्र खूश आहे. जवळच्या धसई गावात खोली मिळाली. खिडकीत डोंगर, खाली भाजीबाजार, आणि वांगी अशी की विमानं गेली खड्ड्यात.

काम सोपं आहे. कॉकपिटमध्ये बसवायची नवी टच-काच: वर निळं आकाश, खाली तपकिरी जमीन, कडेला वेग आणि उंची. वैमानिकाने बोट लावलं की तिने आज्ञा पाळायची. ती टिकते का हे बघायला दिवसाला चार हजार वेळा बोट लावायचं. बोट लावणारं यंत्र आल्या दिवशीच बिघडलं, म्हणून आमचे व्यवस्थापक जगदीश सर यांनी गावातून बोटं आणली. साठीची बाईजा आणि तिची बारावी झालेली पुतणी रंजिता. मार्चपर्यंत नीट काम केलं तर रंजिता कायम होणार. ती आतापासूनच कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून झोपते, असं बाईजा सांगत होती.

६ डिसेंबर

काच दोघींची बोटं ओळखेना. बाईजा म्हणाली, भात लावून लावून बोटं झिजली बाय, रेशनचं मशीन आमचा अंगठा घेत नाय, तुमची ही काच काय मोठी लागून गेली?

मी काचेची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे स्पर्श ओळखायची ताकद, वाढवली. कागदावरच्या मर्यादेच्या बरीच वर. काच लगेच ताळ्यावर आली. जगदीश सरांनी टाळी वाजवली. त्यांना तेवढंच येतं.

९ डिसेंबर

आता काच बोट टेकायच्या आधीच आज्ञा घेते. वीतभर अंतरावरून. संध्याकाळी पुसली तर फडकं पिवळट, तेलकट झालं. वास महिनाभर न धुतलेल्या उशीच्या अभ्र्याचा. दोघी साबणाने हात धुऊन बसतात, मी बघते. जगदीश सर म्हणाले, गावाकडचे हात, चालायचंच. मी त्यांच्या डोक्यावरच्या तेलाकडे बघितलं.

११ डिसेंबर

पुसताना मळाच्या वळ्या निघाल्या. दिवाळीला अंग चोळल्यावर निघतात तशा, राखाडी, ओलसर. काचेच्या अंगाच्या! दोन मुठी भरल्या. जेवणाचा डबा तसाच परत नेला.

भिंगातून बघितलं. काचेवर बारीक वळणदार रेघा आहेत, बोटाच्या ठशासारख्या. पुसून जात नाहीत. रंजिता हसून म्हणाली, मॅडम, आमच्या गेल्या त्या हिला आल्या जनू. तिच्या बोटाला चिकटपट्टी होती. विचारलं तर म्हणाली, काय नाय, विळा लागला.

१३ डिसेंबर

आज रंजिताला पट्टी काढायला लावली. उकडलेल्या अंड्यावर कवचाखाली पापुद्रा असतो, तेवढीच कातडी उरलीय. खाली लाल दिसतं. म्हणाली, काच ओढते, कुनी बोट चोखतंय असं वाटतं. मी तिचा हात धरून तिला काचेपासून लांब ओढलं.

म्हटलं, तुझं काम बंद. तर तिने पाय धरले: मॅडम, एवढं तीन महिने जाऊ द्या, बोटं काय, भरून येतील.

जगदीश सर म्हणाले, सतराला तपासणीचे पाहुणे येतायत, सेटिंगला हात लावायचा नाही.

१४ डिसेंबर

सगळे गेल्यावर सेटिंग उतरवायला गेले. ते काचेवरच उतरवावं लागतं. हातमोजा घालून दाबलं. काचेने ओळखलं नाही. मागच्या आठवड्यात ओळखत होती. आता तिला उघडं बोटच हवंय. मी नाही लावलं. भ्याले.

वीज तोडली. पडदा विझला नाही. आकाश तसंच निळं. काचेला ऊब, ताप भरल्यासारखी. आणि उंचीच्या आकड्याखाली, कडेला, एक नख— काळं धरलेलं—

रंजिताला निरोप धाडला, सतरा तारीख होईपर्यंत येऊ नकोस.

१७ डिसेंबर, सकाळ

रंजिता आली. पाहुण्यांना काच लख्ख दिसावी म्हणून पुसायला आली, कुणी न सांगता. मी पोचले तेव्हा अख्खा पंजा काचेच्या आत. ओरडत नव्हती, नुसती बघत होती.

बाईजाने काचेवर विळा मारला. काचेतून रक्त आलं, आणि किंचाळली ती रंजिता.

सेन्सिटिव्हिटी वाढवली होती मी. मी डावा हात ठेवला.

काचेने तिला सोडलं. तान्हं पोर एक थान सोडून दुसरं धरतं, तसं. चपळ. बाईजा तिला रिक्षात घालून शहापूरला घेऊन गेली. पाचही बोटं आहेत. नखं नाहीत.

नंतर

उजव्या हाताने लिहितेय. जगदीश सर फोन उचलत नाहीत. आत मऊ आहे. ओलं, गरम. हिरड्यांसारखं काहीतरी बोटाबोटाला— मोजल्यासारखं—

दुखत नाही. हेच किळसवाणं आहे. बरं वाटतंय.

दहा वाजून गेले

गाडी. तिघे जण. जगदीश सर दारातून सांगतायत की मॅडम स्वतः हात ठेवून दाखवतायत, बघा, एवढी भरवशाची काच. हसतायत सगळे. वास कुणालाच कसा—

दुसरा हात मिळाला की पहिला सोडते.

त्यांच्यातला एक पुढे येतोय. तिशीचा असेल. हातमोजा नाही. विचारतोय, मी लावून बघू का?

नको म्हणायचंय. एवढंच. नको. तो बाही वर करतोय, आणि मी अजून—