स्क्रूने बसवलेल्या दहा खुर्च्या

तीर्थरूप मामांस,

सहा फुटांवरून साष्टांग नमस्कार. (साष्टांग घालायलाच साडेपाच फूट लागतात, तेव्हा अंतराची काळजी नको.) तुमची तब्येत ठणठणीत असेलच. गुडघा काय म्हणतोय? इकडे आम्ही सगळे मास्कच्या आत खुशाल आहोत.

आईच्या पंचाहत्तरीचा कार्यक्रम साथीमुळे रद्द झाला असं मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं, त्यात एक बारीकशी दुरुस्ती आहे. तो झाला. म्हणजे अर्धा झाला. सगळं वाचेपर्यंत कृपा करून पत्र फाडू नका.

आरोग्य खात्याने दारावर कागद चिकटवला होता: माणसं दहाच, दोघांत सहा फूट, तोंडाला मास्क, खिडक्या उघड्या, दोन तासांत आटोपायचं. आता आपली माणसं तुम्हाला माहीत आहेत. पाच मिनिटांत खुर्च्या सरकवत एकमेकांच्या मांडीवर येतात, आणि आत्याला तर समोरच्याच्या गुडघ्यावर थाप मारल्याशिवाय वाक्यच पुरं करता येत नाही. मी पडलो सुतार. दहाच्या दहा खुर्च्या टेपने मोजून जमिनीला स्क्रूने पक्क्या केल्या. (फरशीला भोकं पडली. त्या विषयावर तुमची सूनबाई सध्या बोलत नाही, आणि मीही काढत नाही.) हॉलमध्ये चारच मावल्या. तीन अंगणात, एक स्वयंपाकघरात, एक जिन्याखाली आणि दहावी न्हाणीघराच्या दारात. तिथे काकांना बसवलं.

तपासायला आरोग्यसेविका आल्या. (त्या धरून अकरा झाले असते, म्हणून बिचाऱ्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.) जवळची खुर्ची ओढून बघितली, हलेना. म्हणाल्या, एवढ्या नोकरीत इतक्या मनापासून नियम पाळणारं घर पाहिलं नाही. मी हवेत!

घोळ पुढे झाला. आपल्याकडे महत्त्वाचं तेवढं सगळं कानात बोलतात, आणि सहा फुटांवरून मास्कमधून कानात बोलता येत नाही, हे माझ्या टाळक्यातच आलं नव्हतं. केक कोरडा दिसतोय ही गोष्ट आत्याने वहिनीला 'हळूच' सांगितली, तर अंगणातल्या तिघांनी माना डोलावल्या. काकांनी जावयाच्या टकलाची चौकशी थेट न्हाणीघरातून केली. हसून हसून सगळ्यांच्या मुरकुंड्या वळल्या. (खुर्च्या पक्क्या होत्या म्हणून कोणी पडलं नाही.) तेवढ्यात आईने सुरी उचलली आणि विचारलं, धाकट्याची सर्दी कशी आहे? तुम्हाला सर्दी झाल्यामुळे येता येत नाही, असं मी तिला सांगितलं होतं. ही दुसरी दुरुस्ती. त्यावर स्वयंपाकघरातून माझ्या बायकोने दबक्या आवाजात, म्हणजे गल्लीला ऐकू जाईल असं, मला विचारलं, "अहो, मामांना सर्दी झालीय की कार्यक्रम रद्द झालाय? नक्की काय सांगायचं ठरलं होतं?"

आईने सुरी खाली ठेवली.

खरं सांगतो मामा. आईने एकच मागणं केलं होतं, बाकी कोणी येवो न येवो, धाकटा हवा. पण यादी अकरा जणांची होत होती. आत्याला वगळावं तर ती दोन वर्षं बोलणार नाही, काकांना वगळावं तर ते रोज येऊन बोलतील. शेवटी तुमच्या नावावर काट मारली, कारण तुम्ही कधी रागावत नाही. एवढंच कारण. तुम्हाला गृहीत धरलं, त्याची फार लाज वाटते.

धाकटा आल्याशिवाय केकला सुरी लावणार नाही, असं आईने जाहीर केलं. दोन तास संपले. सेविकाबाई वही मिटता मिटता उंबऱ्यातूनच ओरडल्या, की रविवारी अंगणात बहीण-भाऊ दोघंच बसले तर नियमात बसतं. सगळ्यांनी अशा टाळ्या वाजवल्या म्हणून सांगू! केक फ्रीजमध्ये आहे, आणि फ्रीजसमोर आई आहे. तेव्हा या. मी पाया पडतो, पण या.

तुमचा आगाऊ भाचा

ता. क. येताना तुमचा मोठा पेचकस आणा. भरवसा हवा म्हणून मी स्क्रूंना गोंदही लावला होता. आता आंघोळीला जाताना रोज खुर्चीवरून उडी मारावी लागते.

ता. क. धाकट्या, पाकीट चिकटवायच्या आधी मी हे वाचलं. हा म्हणतो तू रागावत नाहीस. रविवारी ये आणि आधी याच्यावर चांगला तासभर रागव. मी समोर बसून बघेन. पंचाहत्तरीला मला दुसरं काही नको. मग केक आपण दोघं खाऊ. सगळा. – ताई