मागच्या दाराचे फोटो

६ मार्च, सोमवार

साहेबांनी स्वतः बोलावलं! वाटलं, प्रिंटर पुन्हा रुसला. पण त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. पांढरं पान, मधोमध एक गोल फिरतोय — फिरतोच आहे.

"बाकी सगळं उघडतं. हा एकच ब्लॉग उघडत नाही. चार ओळी दाखवतो आणि म्हशीसारखा बसून राहतो. तुला कशाला ठेवलंय इथे?"

ब्लॉगचं नाव वाचलं. 'मागचं दार'. दार म्हणजे आमच्या शर्टांच्या कारखान्यातल्या पॅकिंग हॉलचं!

माल चोरीला जातो म्हणून त्या दाराला दिवसभर कुलूप असतं. गेल्या महिन्यात इस्त्रीची वायर पेटली, हॉलभर धूर झाला, बायका मागच्या दाराकडे धावल्या. किल्ली माझ्या दादाच्या खिशात — तो हॉलचा सुपरवायझर — आणि दादा दुसऱ्या टोकाला, जळती वायर ओढत होता. दार उघडेपर्यंत दोघीजणी खाली कोसळल्या होत्या. 'कोणालाही इजा झालेली नाही' अशी नोटीस लागली. टाइप मीच केली होती. कुलूप अजून तसंच आहे.

साहेब म्हणाले, "बाहेरच्या गिऱ्हाइकाचा फोन आलाय याच्यावरून. कोण लिहितंय ते मला कळलं पाहिजे. त्याला घरी बसवतो. तू आधी हे उघडून दे."

७ मार्च, मंगळवार

शिस्तीने चाललोय. घाई केली की चूक होते.

ब्राउझरमध्ये साठलेलं जुनं सगळं पुसलं. फरक नाही. उघडी पानं बंद केली — साहेबांनी ढीग लावला होता. फरक नाही. जोडलेली फालतू अवजारं एकेक करून काढली. खाजगी खिडकीत उघडून बघितलं. दुसरा ब्राउझर घातला. ढिम्म!

हिशेबाच्या बाई मागून म्हणाल्या, "अरे, त्याला नारळ दे आणि नवा आण!"

"कॉम्प्युटरला?"

"नाहीतर काय, साहेबांना?"

हसलो. साहेब तीनदा डोकावून गेले.

८ मार्च, बुधवार

माझ्या फोनवर उघडून पाहिला. तिथेही तेच. म्हणजे दोष आपल्या मशीनचा नाही, ब्लॉगचाच! एवढी साधी गोष्ट मी पहिल्याच दिवशी तपासायला हवी होती.

घरी दादाने छेडलं, "काय बिनडिग्रीचे इंजिनिअर, साहेबांच्या केबिनमध्ये मुक्काम? बढती का बडतर्फी?" वहिनी त्याच्या उजव्या तळहाताला मलम लावत होत्या. त्या दिवशीचं भाजलेलं अजून ओलं आहे. अंगठ्याखाली चंद्रकोरीसारखा डाग राहणार म्हणतात. दादाला त्याबद्दल विचारलेलं चालत नाही.

९ मार्च, गुरुवार

सापडलं. सापडलं नसतं तर बरं झालं असतं.

ब्राउझरमध्ये एक खिडकी असते — पानातली कोणती वस्तू यायला किती वेळ घेते ते ओळीने दाखवते. मजकूर लगेच आला होता. अडकले होते फोटो. फोनमधून काढले तसेच्या तसे, धिप्पाड! दाराचा, कुलपाचा, दारासमोर रचलेल्या खोक्यांचा, आणि एक जळक्या वायरच्या तुकड्याचा.

असा कच्चा फोटो पोटात बरंच काही बाळगून असतो. कोणत्या फोनने काढला, कधी, कुठे. वायरचा फोटो उघडून बघितला. नुसतं कुतूहल. नकाशावर ठिपका आला.

आमची गल्ली. आमचं घर!

फोनचं मॉडेल — दादाने एकदम दोन घेतले होते, त्यातलं. एक त्याचा, एक वहिनींचा. दादा तर रोज स्वतःच्या हाताने कुलूप घालतो. राहिल्या वहिनी. त्या पॅकिंगलाच आहेत. कोसळलेल्या दोघींतली एक त्यांच्या शेजारच्या टेबलाची.

"झालं का रे?" साहेब मागेच उभे! खिडकी बंद करताना माउस हातातून निसटला.

"अजून बघतोय, साहेब."

खोटं बोललो.

१० मार्च, शुक्रवार

आज दिवसभर दुरुस्ती न होऊ देण्यासाठी राबलो. वायर काढ, वायर घाल. मशीन बंद कर, चालू कर. मान हलव, 'हं' म्हण. साहेब वैतागले. "सोमवारी बाहेरचा माणूस बोलावलाय. तुझ्यासारख्या अर्धवटाच्या नादी लागण्यात अर्थ नाही."

बाहेरचा माणूस ती खिडकी चुटकीसरशी उघडेल. फोटो उघडेल. ठिपका बघेल.

वहिनींना सांगू का? सांगितलं आणि त्या घाबरून दादाजवळ बोलल्या तर? दादा साहेबांचा माणूस. घरात आग लागेल. नको.

१२ मार्च, रविवार

वहिनी आईला घेऊन डॉक्टरकडे गेल्या. दादा जादा पाळीला. घरात मी एकटा.

घरचा कॉम्प्युटर मीच जुने भाग जोडून उभा केलाय. वहिनी सुट्टीच्या दुपारी त्याच्यासमोर बसतात, 'डिझाइनं बघते' म्हणतात. ब्राउझरचा मागचा इतिहास चाळला आणि ब्लॉगची आतली बाजू सरळ उघडली. पासवर्डसुद्धा विचारला नाही! किती हा बिनधास्तपणा. घरातल्यांवर केवढा विश्वास.

एकेक फोटो उतरवून घेतला. लहान केला. पोटातलं सगळं धुऊन काढलं. नीट नावं दिली. परत चढवला. जुने मोठे कायमचे काढून टाकले. मजकुराच्या एका अक्षराला हात लावला नाही. पण वाचला मात्र सगळा. एके ठिकाणी लिहिलंय — 'धुरात ज्या हाका ऐकल्या, त्या रोज कुलूप लावताना ऐकू येतात.' वहिनी असं लिहितात?

ब्लॉग उघडून पाहिला. झटक्यात! सवयीने बरं वाटलं. मग वाटलं, चोरासारखं दुसऱ्याच्या घरात झाडून आलोय.

जिन्यावर चपलांचा आवाज. कॉम्प्युटर बंद.

१३ मार्च, सोमवार

आजचं सगळं लिहून काढतो.

बाहेरचा माणूस आला. चष्मा, खांद्याला बॅग, शांत बोलणं. ब्लॉगचा पत्ता टाकला — पान पटकन उघडलं.

"हे तर छान चाललंय की."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. "शुक्रवारपर्यंत तर रखडत होतं."

चष्मेवाल्याने तीच खिडकी उघडली. "फोटो काल बदललेत कोणीतरी. जाणकाराचं काम आहे. नावंसुद्धा किती पद्धतशीर बघा — मागचेदार-कुलूप-समोरून-लहान."

मला तिथेच कळलं. खोलीत कोणाच्या लक्षात यायच्या आधी.

साहेबांनी पुटपुटत नाव पुन्हा वाचलं. मग आपला माल दाखवायचा कॅटलॉग उघडला. शर्ट-निळा-समोरून-लहान. शर्ट-निळा-कॉलर-लहान. सगळी नावं मी ठेवलेली. कोणी सांगितलं नव्हतं. मला तसंच आवडतं म्हणून!

हिशेबाच्या बाईंनी कॅल्क्युलेटर बडवायचं थांबवलं.

"तू लिहितोस हे?"

'नाही' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता — मग कोणासाठी केलंस?

"हो. मीच."

दुसऱ्यांदा मोठ्याने म्हणालो.

साहेबांनी दादाला बोलावलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "हे बघ तुझ्या भावाचे प्रताप! घरातच साप पाळलास. याला गेटबाहेर सोडून ये." दादा माझ्याकडे बघत राहिला. गेटपर्यंत माझ्याबरोबर चालला. खिशात किल्ल्यांचा जुडगा वाजत होता.

संध्याकाळी घरी वहिनी माझ्यासमोर मटकन बसल्या. "भाऊजी, तुम्हाला हे लिहायचं सुचलं तरी कसं? आम्हाला पत्तासुद्धा लागू दिला नाहीत!" काय बेमालूम नाटक! मीसुद्धा मान खाली घातली.

दादा जेवला नाही. टोमणाही मारला नाही.

१४ मार्च, मंगळवार

दिवसभर घरात. आईला सांगितलं, सुट्टी आहे. तिने कपाळाला हात लावून बघितला.

दुपारी हिशेबाच्या बाईंचा फोन, कुजबुजत. "अरे, इथे काय चाललंय! डब्याच्या सुट्टीत पॅकिंगच्या सगळ्या जणी फोनवर तुझा ब्लॉग वाचतायत. एक मोठ्याने वाचते, बाकीच्या ऐकतात. आधी त्यांच्या फोनवर उघडतच नव्हता म्हणे!"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. फोटो लपवण्यासाठी लहान केले, आणि आता ते प्रत्येकीच्या हातात.

"साहेब काय म्हणाले?"

"साहेब केबिनमध्ये. आणि तुझा दादा दारापाशी नुसता उभा आहे."

"कुलूप लावतोय?"

"नाही रे. नुसता उभा."

१५ मार्च, बुधवार

ब्लॉगवर नवा फोटो. माझ्या फोनवर हळू उघडला — धिप्पाड, काढला तसाच, पोटात ठिकाण, फोन, वेळ, सगळं. वरून खाली पट्टी पट्टी उतरत आला. आधी भिंत. मग दाराची चौकट. मग बाहेरचं ऊन — दार सताड उघडं! मग रिकामा कडीकोयंडा. सगळ्यात शेवटी एक तळहात, त्यावर किल्ली. अंगठ्याखाली चंद्रकोर. खाली दादाचं पूर्ण नाव. कुलूप लावताना त्या हाका त्यालाच ऐकू येत होत्या.

हा मी लहान करणार नाही.