जयवंतला क्वार्टर मिळालं

५ फेब्रु. ७८, रवि.
दुपारच्या एस.टी.नं जयवंत आला. फौजेतून दोन महिन्यांची रजा. ट्रंक, होल्डॉल. रंग काळवंडलाय, बाकी तब्येत ठीक. सौ.नं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं.
उंबरा ओलांडला आणि पहिलं काम काय, तर मनीला उचललं. स्वतःच्या पोरीला, बापाच्या देखत. पोर किंचाळली. ‘ह्यो मामा नको’ म्हणत माझ्या धोतराला येऊन चिकटली. मला हसू आलं. सौ.ला पण. जयवंत हसला नाही.
थोरल्यांसमोर आपलं पोर घेऊ नये. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, पण कळत होतं. माझे वडील ओसरीवर असले तर जयवंत रडून निळा झाला तरी मी त्याच्याकडं बघत नसे. लाज वाटायची. ह्यांना वाटत नाही. उठून गोठ्यात गेलो. उगाच. गोठ्यात काम काही नव्हतं.

७ फेब्रु., मंगळ.
उसाला पाणी. हळद काढून झाली, उद्या शिजवायला कढई चढेल.
मनी आता अडीच वर्षांची. ह्याच घरात झाली. माझ्याजवळ झोपते, माझ्या बशीतला चहा पिते, मळ्यात येते ती माझं बोट धरून. मला तीन पोरं झाली, दोन मुली न् जयवंत. एकाचंही ढुंगण कधी धुतलं नाही. हिचं धुतो. सौ. म्हणते, ‘हवालदार, पेन्शनीत ही बी ड्यूटी लागली का?’ लागली. दुधापेक्षा साय गोड म्हणतात ते खोटं नाही. नातवंड उचलायला कुणाची लाज नसते, वरती बघणारं कुणी उरलेलं नसतं.

११ फेब्रु., शनि.
रात्री जेवताना जयवंत बायकोला म्हणाला, ‘तू बी बस की.’ मी पानावर असताना. ती बसली नाही. तेवढी समज आहे.
मग मान खाली घालून: ‘आबा, मला फॅमिली क्वार्टर मिळालंय. जबलपूरला. रजा संपली की ह्या दोघींना घिऊन जावं म्हनतो. तुमी व्हय म्हनलासा तरच.’
सूनबाईच्या हातातली पळी थांबली, पण चेहऱ्यावर नवल नव्हतं. म्हणजे तिला ठाऊक होतं. दोघांचं आधीच ठरलेलं. घरात एवढी मोठी गोष्ट ठरते आणि बापाला आमटीबरोबर वाढली जाते.
पाणी मागितलं.

१३ फेब्रु., सोम.
मी वीस वर्षं नोकरी केली. सौ. एक दिवस आली नाही. सुरवातीला लढाईच होती, नंतर क्वार्टर थोडी, नंबर मोठा. शेवटी माझा नंबर लागला तेव्हा वडील म्हणाले, ‘बायकामानसं काय छावनीत ऱ्हायाची? जनावरांचं कोन बघंल?’ विषय संपला. दुसऱ्यांदा विचारलं नाही. मला त्यात चूक वाटत नाही, अजूनही. घर तिच्यावर चाललं होतं. माझे आईवडील तिच्याच हातचं खाऊन गेले.
आता हे घर कुणावर चालायचं? सौ.चे गुडघे. बसली की उठताना भिंत धरते.
पण घराचं निमित्त आहे. मनीला नेणार हे खरं दुखतंय. इथं लिहायला काय हरकत आहे.

१९ फेब्रु., रवि.
हळद वाळत घातली आहे. अंगण पिवळं, मनीचे पाय पिवळे, माझं अंथरूण पिवळं.
सूनबाई साताऱ्याची, मॅट्रिक झालेली. वडील कचेरीत कारकून. पण रीत पाळते, माझ्याशी समोरून बोलत नाही. बोलायचं ते मनीला मध्ये घालून. ‘मने, आबांना सांग चहा झालाय.’ ‘मने, आबांना विचार भाकरी वाढू का.’
आज: ‘मने, आबांना विचार, जबलपूरला थंडी फार असते का?’ मी तिथं तीन वर्षं काढलीत, हे तिला माहीत.
मी म्हणालो, ‘मने, तुझ्या आईला सांग, असती.’
मनीनं दोघांकडं बघितलं आणि कुणालाच काही सांगितलं नाही.

२६ फेब्रु., रवि.
काल हळद घेऊन सांगलीला गेलो, जयवंत बरोबर. रात्री बाजारातच मुक्काम, आज परत.
अण्णा भेटले. मिरजेकडचे जैन शेतकरी, दरवर्षी हळदीच्या दिवसांत गाठ पडते. क्वार्टरचं सांगितलं. म्हणाले, ‘हवालदार, तीन पोरं माझ्याजवळच हायती. एका छपराखाली तीन चुली. एकीचा धूर दुसरीला सोसंना. तुमचा लांब जाऊन सणाला हसत यील. जाऊ द्या.’ ह्यांचं बरं आहे, सांगायला. तीन घरची नातवंडं अंगाखांद्यावर खेळतात.
मी अण्णांशी बोलतोय तोवर जयवंत कुठंतरी गेला आणि स्टो घेऊन आला. पितळी, नवा. काय बोलू? बापानं हो म्हणायच्या आधी पोरानं चूल वेगळी घेतली. सगळ्या बाजारात कानशिलं तापली.
कृष्णेच्या घाटावर बसलो. त्यानं भडंग आणला. स्टो दोघांच्या मध्ये ठेवलेला. मग तो बोलला. एवढं सलग कधी बोलला नव्हता. आठवतं तसं लिहितो.
‘आबा, तुमी रजेवर आलासा की आई म्हनायची, पाया पड, हे तुझं आबा. मी पडायचो. मला वाटायचं कुनीतरी मोठं पावनं आल्यात. दोन म्हैन्यांनी पावनं जायाचं. तुमी पेन्शनीवर आलासा तवा मी सातवीत हुतो. ट्रंक माळ्यावर टाकली तवा कळलं, हे आता हितंच ऱ्हानार. लय भ्या वाटलं हुतं मला. मनीनं मामा म्हनलं त्या राती मी झोपलो न्हाई.’
मी म्हणालो, ‘मग काय बापावाचून मेलास का? वाढलासच की.’
‘व्हय. वाढलो. पर…’
मी म्हणालो ऊठ, गाडी चुकंल. गाडीला अजून तास होता.

५ मार्च, रवि.
चार दिवस विचार करून तोड काढली. सकाळी जयवंतला सांगितलं, सूनबाईला ने, मनी इथं राहू दे. शाळेच्या वयाची झाली की बघू. आमच्या गल्लीतच दोन घरी नातवंडं आजीआजोबांजवळ आहेत, फौजेतल्याच पोरांची. काही वावगं नाही.
तो खाली बघत राहिला. हो म्हणाला असता. मला दिसत होतं, तोंडापर्यंत आलं होतं.
तेवढ्यात सूनबाई आतून बाहेर आली. हाताला पीठ तसंच. पदर डोक्यावर. मनी परड्यात खेळत होती, मध्ये घालायला कुणी नव्हतं. सरळ माझ्याशी बोलली. लग्नाला चार वर्षं होतील, पहिल्यांदा.
‘आबा, मनी इथं राहणार असेल तर मीही इथंच राहते. तुमचा शब्द मोडणार नाही. पण ती आत्ता कुठं ह्यांच्याकडं जायला लागलीय. एप्रिलात हे गेले की विसरेल. पुढच्या रजेला पुन्हा मामाच म्हणेल. किती वेळा म्हणू द्यायचं?’
आणि आत गेली. भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला.
मला राग आला. सासऱ्याला तोंडावर बोलते म्हणून आला. आवाज चढला नव्हता, शब्द वाकडा नव्हता, तरी आला. दुपारी जेवलो नाही.

६ मार्च, सोम.
सौ.ला म्हणालो, ‘तू सांग तिला. सासू हायस का कोन?’ वाटलं होतं, ही तरी माझ्या बाजूनं असेल. सून गेली तर हिचेच हाल.
ती शेंगा फोडत होती. वर न बघता म्हणाली, ‘जाऊ द्या तिला. पोरीसकट.’
‘अगं, मग घरात कोन?’
‘तुमी आन् मी.’
‘दोघंच?’
‘मग काय गाव बोलवायचं?’ थोड्या वेळानं: ‘लगीन झाल्यापासनं आपुन दोघंच घरात कवा व्हतो, सांगा बरं.’
आठवून बघितलं. आईवडील होते, मग पोरं, मुलींची लग्नं झाली तोवर सूनबाई. एक दिवस सांगता येईना. बत्तीस वर्षांत एक दिवस नाही.
‘तुमची रजा यायची,’ ती म्हणाली, ‘तवा तुमाला तुमचा बा सोडायचा न्हाई, आन् मला तुमची आई. दोन म्हैनं असंच जायाचं. ही पोरगी शानी हाय. मागतीया तरी.’
शेंगांचं सूप उचलून आत गेली. भिंतीला हात लावून.

१२ मार्च, रवि.
काही ठरवलेलं नाही. कुणी विचारतही नाही. घरात सगळे हळू बोलतात, आजारी माणूस असल्यासारखे.
मनी आज जयवंतच्या खांद्यावर बसून मळ्यात गेली. मी मागून. दोनदा हाक मारली, तिनं वळून बघितलं, हसली, पण उतरली नाही. वाईट वाटलं. फार वाटलं. पोरगं बापाकडं गेलं म्हणून वाईट वाटून घेणारा मी कसला म्हातारा, असंही वाटलं. दोन्ही खरं.

१८ मार्च, शनि.
हो म्हणालो.
विशेष काही नाही. जेवताना म्हणालो, ‘मिरजेस्नं रिझर्वेशन करून घे. ऐनवेळी बायकापोरांचं हाल हुत्यात.’ जयवंत उष्ट्या हातानंच पाया पडायला वाकला. म्हटलं आधी जेव. सूनबाई चुलीपुढं तोंड फिरवून बसली होती, खांदे हलत होते. सौ.नं न विचारता आणखी एक भाकरी वाढली. खाल्ली.
मन हलकं वगैरे झालं नाही. उलट रात्रभर मनीचा पाय पोटावर, आणि तो हलवावासा वाटेना.

३ एप्रिल, सोम.
मिरज. आम्ही दोघं पोचवायला गेलो होतो. गर्दी फार. फौजी ट्रंका सगळीकडं. सूनबाई पाया पडली. म्हणाली, ‘आबा, गोळ्या वेळेवर घ्या.’ समोरूनच.
डब्यात चढवताना मनीला कळलं की मी चढत नाही. खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढून ‘आबा, आबा’. आख्ख्या फलाटाला ऐकू जाईल एवढ्यानं. जयवंत तिच्याजवळ उभा, हात मागं बांधलेले. माझ्याकडं बघत होता. एवढं होऊनही माझ्यासमोर हात पुढं येईनात त्याचे. शेवटी माझंच रक्त.
म्हणालो, ‘उचल की रं तिला! बघत काय बसलायस?’
उचललं. ती त्याच्या गळ्याला पडून रडत राहिली, माझ्या नावानं. गाडी सुटली.
येताना एस.टी.त सौ. खिडकीशी.

९ एप्रिल, रवि.
सौ. अजून चौघांचा चहा टाकते. उरलेला मी पितो. झोप येत नाही, चहानं असेल.
आम्हाला दोघांना बोलता येत नाही. आज दिवसभरात झालेलं बोलणं: पाणी तापलंय. वैरण संपत आली. दिवा बारीक करा. पूर्वी तिला काही सांगायचं तर आईला सांगायचो, नंतर पोरांना, मग मनीला. आता सरळ सांगायचं तर शब्द कुठून आणायचा.
जेवताना म्हणालो, तू पण घे. म्हणाली, ‘तुमचं हू द्या.’ पुन्हा म्हणालो. ताट घेऊन बसली, पण तोंड भिंतीकडं करून. मीही तिच्याकडं बघितलं नाही. आमटी बरी होती, हे सांगायचं राहिलं.

१४ मे, रवि.
काल जयवंतचं पत्र आलं. खुशाल आहेत. क्वार्टर दोन खोल्यांचं, मागं परडं आहे. मनी तिकडच्या पोरांत मिसळून हिंदी बोलते. जून लागायच्या आत तुम्ही दोघं या, महिनाभर राहा, असं लिहिलंय.
सौ.ला वाचून दाखवलं. म्हणालो, उसाला पाणी कोण देणार, गाय कोण पिळणार. तशी सोय होण्यासारखी आहे, मला ठाऊक आहे. मी तसं का म्हणालो तेही ठाऊक आहे. मनी बापाच्या कडेवरून माझ्याकडं आलीच नाही तर? एवढा लांब जाऊन ते बघायचं माझ्यानं होणार नाही.
आज दुपारी तांदूळ निवडता निवडता सौ. एकदम म्हणाली, ‘तुमी तितं जेवन झाल्यावर काय करत हुतासा?’
‘कुटं?’
‘जबलपुरात. कवातरी झाडाखाली बसत आसाल, न्हाईतर हिंडत आसाल. कुनाशी बोलत आसाल.’
सांगायला गेलो तर सांगता येईना. तीन वर्षं होतो तिथं. एक मोठं मैदान होतं, कडेनं कडुनिंब. एवढंच आठवलं. तेवढं सांगितलं.
ती म्हणाली, ‘मला ते बघायचंय. वीस वर्सं तुमी कुटं ऱ्हायलासा ते मला कुनी दावलंच न्हाई. नुसतं गावाचं नाव कळायचं. तुमी येनार नसलासा तर मला मिरजंत गाडीत बसवून द्या. पुढं जयवंत हाय.’
तिच्या गुडघ्यांना तो प्रवास सोसायचा नाही. तसं म्हणालो. म्हणाली, सोसंल.
मी म्हणालो, ‘बघू.’
‘बघू म्हनू नगा. तुमच्या बानं बी बघूच म्हनलं हुतं मला.’
तिनं कधी माझ्या वडिलांना विचारलं होतं, हे मला आज कळलं. पुढं काही विचारायचा धीर झाला नाही. ती तांदूळ घेऊन आत गेली. जयवंतला अजून उत्तर लिहिलेलं नाही.