कोळसा थांबवायची खूण

अण्णा, तुम्ही ज्या तऱ्हेच्या इंजिनावर उभं आयुष्य काढलंत, तसलं एक इंजिन मी गेल्या महिन्यात पाहिलं. आमच्या निवृत्त शिक्षिकांची सहल होती. रत्नागिरीहून सकाळी निघालो, पालीला चहा घेतला आणि घाट चढून रेल्वेच्या एका संग्रहालयात पोचलो. बायकांना बाजार गाठायची घाई, इंजिनं बघण्यात कुणालाच रस नव्हता. मला होता असंही नाही. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं होतील, आणि एवढ्या वर्षांत मी स्वतःहून रेल्वेच्या वाटेला गेलेली नाही.

इंजिनं रांगेत उभी आहेत, पण इतकी रंगवलेली की ओळखू येईनात. चाकांना लाल रंग, पितळेला पॉलिश, कोळशाचा कण नाही कुठे. तुम्ही रजेवर यायचात तेव्हा विहिरीवर बसून काथ्याने नखं घासायचात, तरी काळेपणा जायचा नाही. मी दहा वर्षांची आहे, चुलीवर पेज शिजतेय आणि मी भराभर लाकडं सारतेय, कारण तुम्हाला भूक लागली असणार. तुम्ही मागून येऊन माझं मनगट धरता. "अगो, कोंबतेस काय अशी? आग गुदमरतेय ती. थोडं थोडं घाल." तुम्ही मला ओरडलात ते तेवढं एकदाच. मी परसात जाऊन रडले. वर्षातून जेमतेम पंधरा दिवस तुम्ही आमच्या वाट्याला यायचात, त्यातला एक मी नासवला असं मला वाटलं होतं.

संग्रहालयात एक म्हातारे गृहस्थ माहिती देत होते. स्वतः वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर होते. त्यांनी आम्हाला लोखंडी पायऱ्यांनी वर चढवलं, भट्टीचं दार उघडून दाखवलं. आत कुणीतरी वेफर्सचं रिकामं पाकीट टाकलं होतं. म्हणाले, "इथं एवढा आवाज असायचा बघा, शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं न्हाई. सगळा कारभार हातानं." मग त्यांनी पंजा पालथा धरला आणि हवेतच दोनदा हळू खाली दाबला. "हे केलं की फायरमननं फावडं ठेवायचं. मुक्काम जवळ आला, आता कोळसा नको. हाय त्या आगीवर गाडी जाती." बायका खाली उतरल्या. मी दांडा धरून तिथेच उभी राहिले.

दवाखान्यातले शेवटचे अकरा दिवस तुमचा हात तेच करत होता. तोंडात नळी, शब्द नाही. पालथा पंजा चादरीवर दोनदा दाबायचा, थांबायचा, पुन्हा दाबायचा. मी नर्सला सांगितलं, तहान लागलीय त्यांना, आणि कापूस ओला करून तुमच्या ओठांवर फिरवत राहिले. भाऊ तुमच्या पायाशी उभा होता. म्हणाला, "ताई, घरी नेऊया गो त्यांना. पडवीत बरं वाटेल." मी त्याच्यावर तुटून पडले. बाप जड झाला का तुला, असं नर्सच्या देखत विचारलं. तो मान खाली घालून बाहेर गेला. त्यानंतर आणखी एक नळी आली, आणखी सुया आल्या. थोरली म्हणून सगळ्या कागदांवर सह्या मी केल्या.

भाऊ माझ्याशी वाईट वागत नाही. दर वर्षी आंब्याची पेटी पाठवतो, आजारपणात धावून येतो. तुमचा विषय मात्र काढत नाही, आणि पाहुण्यांनी काढलाच तर म्हणतो, "ताईने खूप केलं अण्णांचं." ते ऐकलं की मला तिथून उठून जावंसं वाटतं. सहलीहून परतले त्या संध्याकाळी त्याचा फोन आला, काय काय बघितलंस म्हणून. मी म्हटलं, जुन्या गाड्या होत्या, रंग छान दिलाय.

हे पत्र त्याला वाचायला द्यावं, माफी मागावी, म्हणून लिहायला बसले होते. आता देणार नाही. दिलं तर त्याला वाटेल की ताईला त्या खुणेचा अर्थ संग्रहालयात कळला, आणि तो मला लगेच माफ करेल. आई पानात भात वाढायला यायची तेव्हा तुम्ही तोंडाने कधी 'पुरे' म्हणाला नाहीत, अण्णा. पालथा हात दोनदा दाबायचात आणि आई डाव मागे घ्यायची. आम्ही दोघांनी लहानपणापासून ते पाहिलेलं आहे. दवाखान्यात भाऊने ते ओळखलं आणि घरी नेऊया म्हणाला. मीही पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, आणि कापूस ओला करत बसले.