शाल टेकचंदले, नारळ साहेबाले

आंधळगाव,
मंडईचा दुसरा दिवस

चि. राजकुमार यास,

मोठ्या बहिणीचा, म्हणजे शकुनबाईचा, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद. इथं आम्ही सारे ठीक आहो. माहे गुडघे जसेच्या तसे आहेत, त्यायची विचारपूस करू नको, केली का दुखतात. तुही पाठ कशी आहे? सुनबाईले सांगजो, करंज्या भेटल्या. पोचल्या तवा चुरा झाला होता, पण चुरा गोड होता. हे सारं फोनवर सांगतलं असतं, पण फोनवर तू "हाव बाई, हाव बाई" म्हणते अन मांगं मिल धडधडते, तुले काय ऐकू येते देव जाणे. म्हणून चिठ्ठी. (रेणू म्हणते, आजी, आजकाल चिठ्ठी कोण लिहिते? मी म्हणलं, जिले काम करून घ्यायचं असते ते.)

आता ऐक. तू सुचवलेलं ते तुह्याच तुमसरचं स्थळ, राईस मिलवाला टेकचंद, त्याची बायको शोभाताई अन पोट्टा मनिष, मंडईच्या जत्रेले आपल्या रेणूले पाहाले येणार होते. पोट्टा चांगला आहे म्हणतात, माहं काही म्हणणं नाई. पण रेणूची एकच अट, सासरी माग पायजे. कोसा रेशीम विणते, विणतच राहीन, मागाशिवाय कुठं जात नाई. अन टेकचंदनं अगोदरच निरोप धाडला होता का मागाची खटखट आमच्या घरात चालणार नाई. म्हणजे एक त माग, नाई त मनिष. दिवाळीभर घरात साऱ्यायची तोंडं सुजलेली. साधना सून रडे, मी भांडे आपटो, अन रेणू खड्ड्यात पाय सोडून धोटा फेकत राहे. (आपला माग खड्ड्याचा, हे तुले सांगाले नको, लहानपणी त्यातच पडून तुहे दात गेले होते.)

त्याच दिवशी गावात दुसराही कारभार होता. सरपंच गोपाळराव कधीपासून सांगत फिरून राहिले होते का देश दोन हजार सत्तेचाळीस सालापर्यंत विकसित करायचा आहे, त्यात भंडारा जिल्ह्यानं काय भर घालायची हे पाहाले नागपूरवरून सरकारचे तिघं जण पांढऱ्या गाडीत येऊन राहिले. आंधळगावचे माग त्यायच्या विकास आराखड्यात बसले त सूत भेटन, रंगाईचं केंद्र होईन, अन काय काय. त्यायच्यासाठी मंडप, शाल, माइक, बँड. (बँड मंडईसाठी ठरलेलाच होता, गोपाळरावनं फक्त त्याचं तोंड पंचायतीकडं फिरवलं.) आता टेकचंदची मंडळीही तिघंच. गाडीही पांढरीच. आजकाल लोकायले दुसरा रंग दिसतच नाई.

नागपूरवाल्यायची गाडी पाळण्यायत अन फुगेवाल्यायत अडकली, म्हणून ते मांगच्या गल्लीनं, मागाचा आवाज ऐकत, थेट माह्या दारात. टेकचंदची गाडी पुढून आली, तिले बँडनं उचललं अन पंचायतीत नेलं. आता मंडईत आलेल्या पाहुण्याले "तुम्ही कोण, कोणाकडचे" असं कोणी विचारत नाई. विचारलं का तो उठून जाते अन दहा गावात नाव खराब करते. पाणी द्या, चिवडा द्या, चहा द्या, नातं आपोआप बाहेर येते. मी तेच केलं. एक साहेब, एक म्हातारा, एक मॅडम. पोट्टा, बाप, माय, हिशोब बरोबर. फक्त पोट्ट्याले टक्कल होतं. मी मनात म्हणलं, हे राजकुमारनं लपवलं.

साहेबानं विचारलं, घरात काम करणारे किती? मी म्हणलं, सारेच करतात, बसून खाणारा कोणी नाई. पुढच्या पाच वर्षांत काय अपेक्षा? मी म्हणलं, एक पोरगा, एक पोरगी, जास्त नाई. मुख्य अडचण काय? मी म्हणलं, सासरा, चिकट आहे म्हणतात. अन म्हाताऱ्याकडं पाहूनच बोलली. म्हाताऱ्यानं मान हलवली. मॅडम सारं लिहून घेऊन राहिली होती. मी म्हणलं, लिहा बाई, मांगून वाद नको. मग माही पाळी. नोकरी पक्की? हाव. माय रागीट आहे का? थोडीशी. दारू? साहेबाले ठसका लागला. नाही आजी, म्हणे.

रेणूनं सजाले साफ नकार देल्ला होता, पाहायचं असन त मागावर पाहा म्हणे. साहेब तिच्याजवळ उकिडवा बसला. काठ पाह्यला, अन कापडाले बोट लावायच्या अगोदर विचारलं. मग म्हणे, "आजी, हे काम घरातच चालू राहिलं पाहिजे. देशाला याची गरज आहे." मी म्हणलं, वा रे पोट्टा! पोट्टी पाहाले येऊन देश काढणारा पहिलाच. तिथंच उठली, कुंकू लावलं, हाती नारळ देल्ला अन म्हणलं, पसंत! तवा तो म्हणे, माझ्या बायकोला हे सांगितलं पाहिजे, तीही विदर्भातलीच. रेणू खड्ड्यात हसून हसून आडवी झाली. पोट्टीले पहिल्या कपापासून समजलं होतं. म्हणे, आजी, तू चांगली रंगली होती, कायले मोडू?

देल्लेला नारळ वापस घेणं आपल्यात नाई. साहेबानं मग समजावून सांगतलं का देशाची प्रगती म्हणजे जिल्ह्याजिल्ह्याची बेरीज, तवा भंडारा काय देणार? मी म्हणलं, बापू, तुमसरचा तांदूळ देश खाते, तिकडचं मँगनीज देश नेते, अन आमचा कोसा मोठ्या शहरात भलत्याच गावाच्या नावानं विकला जाते. आम्ही त कधीचे देऊनच राहिलो. बंडी भरताना बैलाले कोणी विचारते का? तुम्ही विचाराले आले, हेच नवीन. चिवडा घ्या. साहेब हसला अन खरंच अजून घेतला. मले पटला माणूस.

इकडं पंचायतीतलं मले शोभाताईनं मांगून सांगतलं. टेकचंदले वाटलं, आंधळगावात वरपक्षाचा मान असाच करतात. शाल पांघरून फुगून बसला. गोपाळरावनं माइक हाती देल्ला अन गावासमोर विचारलं, "आमच्या मागायचं तुम्ही काय करता, ते आज बोलूनच टाका!" टेकचंदचं तोंड उतरलं. त्याले वाटलं, आपला निरोप गावभर झाला अन सारी पंचायत पोट्टीच्या बाजूनं उभी राहिली. समोर एवढी माणसं, बँडवाला काडी उचलून तयार. घाम पुसला अन बोलला, "लागन! माग माह्याच घरी लागन!" टाळ्या अन बँड. गोपाळराव डोळे पुसून राहिले, का साहेबलोक आता आपल्या घरातही माग लावून राहिले.

मी साहेबाले घेऊन पंचायतीत पोचली त त्यायची गाडीही गर्दीतून सुटून आलेली, दोन पांढऱ्या गाड्या समोरासमोर. गोपाळराव एकदा शालीकडं पाहे, एकदा साहेबाकडं. टेकचंद शाल काढाले लागला. मी म्हणलं, राहू द्या भाऊ, माग लावायचं तुमचं बोलणं आम्ही माइकवर वाटेतच ऐकलं, शाल घेतली का शब्द देल्ला. साहेबही पक्का निघाला. टेकचंदचा हात धरून म्हणे, स्वतःहून पुढे आलेले पहिले उद्योजक तुम्ही, नाव सांगा! टेकचंदनं नाव सांगतलं, बापाचं सांगतलं, मिलचंही सांगतलं. मग सारे एकाच पंगतीत जेवले. मनिषनं रेणूले एवढंच विचारलं, धोटा हातात बसाले किती दिवस लागतात? रेणू म्हणे, तुमाले जास्त लागतीन. पोट्टा हसला. मले तेवढं पुरे.

आराखड्यात आपण बसतो का नाई, ते दिल्लीवाले पाहून घेतीन. माहं मन भरलं आहे. लेकरायले आशीर्वाद.

तुही बाई,
शकुन

ता.क. आता खरं काम. गाडीत बसताना टेकचंद हळूच म्हणे, मागाचं उन्हाळ्यानंतर पाहू. असे "पाहू" मी लय पाह्यले. म्हणून बुधवारी तो धान घ्याले बाहेर गेला का तू कुदळ घेऊन त्याच्या घरी जाय. समोरच्या खोलीत, खिडकीचा उजेड पडते तिथं, खड्डा खण. मापं रेणू सांगन. माणूस शब्द फिरवते, खणलेली जमीन फिरवत नाई.

आणखी एक. खड्डे दोन खण. शोभाताई स्वतः दार उघडून देणार आहे. माहेरी ते विणत होती, लग्न झालं अन सुटलं. दुसरा खड्डा तिचा.

अन कोणी विचारलं, काहून खणून राहिला, त सांगजो, देशाच्या विकासाचं काम चालू आहे. त्या नावावर लोकं अख्खे रस्ते खणून ठेवतात, तुले दोन खड्ड्यायसाठी कोण अडवते?