तिकांड्याखालचा धुरकट ठिपका

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
मी सांगते, नात मैत्री लिहिते. अक्षर मोत्यासारखं, जीभ कात्रीसारखी. (हे मुद्दाम लिहायला लावलं. – मै.)
दुर्बीण घ्यायची. लहानपणी नांदगावला आई खळ्यावरून तिकांडं दाखवायची. ओळीत तीन तारे, खाली एक धुरकट ठिपका. मोतीबिंदू काढल्यापासून तारे दिसतात, ठिपका नाही. मला तो बघायचाय. फोटोही हवा, माझ्या हातचा.
लेक म्हणतो, "आई, मोबाईलवर ढिगाने आहेत फोटो." म्हटलं, मग शेजारणीच्या नातवाचाच लावू का भिंतीला?

३० नोव्हेंबर, रविवार
दुकान. पहिल्या दुर्बिणीला वाकून डोळा लावायचा. वाकले. उठवायला दोघं लागले.
दुसरी डब्याएवढी. आपणच तारा शोधते, फोटो काढते, मोबाईलवर दाखवते. दुकानदार म्हणे, "एकदम सोपी, आजी. लहान मूल चालवेल." लहान मूल शाळेत जातं रे बाबा. मोबाईलवर सगळं इंग्रजी. मैत्री पंधरा तारखेला नोकरीला पुण्याला चालली. मग वाचून कोण सांगणार? एकटीला जमली तर घ्यायची, नाहीतर कपाटावर धूळ खाईल.
अनामत घेऊन वापरायला द्यायला तयार झाला. म्हटलं, पौर्णिमेलाच नेईन. नवी वस्तू आपण पौर्णिमेलाच आणतो.

४ डिसेंबर, गुरुवार, पौर्णिमा
विहारातून आले ती पांढऱ्या साडीतच गच्चीवर. मैत्रीने यंत्र लावलं. फिरलं, थांबलं. फोटो ताकासारखा.
"आजी, चंद्र तिकांड्याच्या डोक्यावर बसलाय. त्या उजेडात काय दिसणार? दुकानात सांगत होते मी."
सांगत होती, ओठातल्या ओठात. म्हणजे चांगला म्हणून निवडला तोच महिन्यातला वाईट दिवस. जेवले नाही. (दोन भाकरी खाल्ल्या. – मै.)

९ डिसेंबर, मंगळवार
घरातच सराव. चित्रं पाठ केली. हे दाबलं की यंत्र उठतं, हे दाबलं की वळतं. मध्येच अक्षरांची पाटी येते, खाली दोन बटणं. डावं दाबलं, यंत्र मान घालून झोपलं.
"रद्द केलंस, आजी."
मला दोन्ही मुंग्यांच्या रांगाच. परत लावलं, परत झोपलं. डोकं फिरलं. म्हटलं, देऊन टाक. मग म्हटलं, थांब.
तेवढ्यात दुकानदाराचा फोन. रविवारी घ्या, नाहीतर परत करा.

१३ डिसेंबर, शनिवार
जेवणाआधी गच्ची. चंद्र नाही. उद्या हो की नाही सांगायचंय, परवा मैत्री निघणार.
तिला म्हटलं, हात मांडीखाली, तोंड बंद. सगळं मी केलं. यंत्र उठलं, तिकांड्याकडे वळलं. आणि पाटी आलीच. दोन बटणं. पण ही तीच पाटी, की दुसरी? मैत्रीकडे बघितलं. ती शेजारच्या टाकीकडे बघत ओठ चावत होती.
उजवं दाबलं.
झोपलं नाही. बारीक घुर्र आवाज करतंय. मोबाईल काळा. मैत्रीला म्हटलं, काढ हात, फोटो येईतोवर लिही. लिहितेय, आणि चोरून मोबाईलकडे बघतेय.
मी नाही बघत अजून.