फोन देवाच्या फळीवर ठेवला आहे

चंद्रावती,

तू देवळातून येईपर्यंत थांबायला हवं होतं, पण मी वास्कोला निघालो आहे. पेज उतरवून ठेवली आहे, उंडे पाव डब्यात आहेत.

सकाळी आपल्या देवेशने दिलेल्या नव्या फोनवर क्षमाचं नाव उमटलं. तिचा नंबर त्यात आहे हे तुला सांगायचं धैर्य मला झालं नव्हतं. लग्न करून गेल्यापासून तिने कधी फोन केला नाही, आणि आता तिला नववा महिना लागला आहे. मी सवयीने बोट जिभेला लावलं आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं डावीकडे सरकवलं. फोन कापला गेला. पुन्हा वाजला, घाबरून पुन्हा तेच केलं. परत लावायला गेलो तर भलतंच उघडून कोणी बाई मोठ्याने गाऊ लागली. "दाबा हो बाबा, काच काय चावते?" म्हणणारा देवेश तुयेला कामावर आहे.

क्षमाला वाटलं असेल, आईपाठोपाठ बापानेही तोडलं. म्हणून तिच्या घरी निघालो आहे.

फोन बरोबर नेत नाही. बसमध्ये वाजला तर मी पुन्हा कापीन. तो वाजला तर बोट पदराला पूस आणि उजवीकडे, हिरव्याकडे सरकव. तुझ्या बोटाला पानांची सवय नाही, तुला जमेल. तिचं नाव या घरात काढायचं नाही असं तू म्हणाली होतीस. नको काढूस. बोलूही नकोस. नुसता कानाला धर. कोण आहे ते तिला कळेल.

मधुकर